ठिपकीचे नऊ गुन्हे

१

आठवा गुन्हा मंगळवारी सकाळी उघडकीस आला, आणि तो थेट भाऊजींच्या पिशवीत झालेला होता.

पिशवी साधीसुधी नव्हती. पियानोच्या आतल्या हातोड्यांना लावायचा पांढराशुभ्र लोकरी नमदा तिच्यात होता. महिनाभर वाट पाहून मागवलेला. भाऊजींनी पिशवीत हात घातला, बाहेर काढला, वास घेतला आणि तो हात तसाच पुढे धरून ते स्वयंपाकघरापर्यंत चालत आले. जणू हात आपला नव्हेच, रस्त्यात सापडला म्हणून आणून देतोय.

"ग्रंथपाल," ते म्हणाले, "पोटावर पाय देणं ऐकून होतो. हे त्याच्याही पुढचं झालं."

ग्रंथपाल म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. घरात बाकी सगळे त्यांना मामा म्हणत. वय सदुसष्ट. सारा जन्म एका वाचनालयाच्या तळघरात पुस्तकांची नोंदकार्डं लिहिण्यात गेला होता. माणसांशी बोलायची वेळ आली की त्यांना अजून घाम फुटे. मामांनी चहाचा कप खाली ठेवला. ठेवताना तो बशीवर वाजला आणि आपण कपही धड ठेवू शकत नाही असं त्यांना वाटून गेलं.

"मी धुतो," ते म्हणाले.

"नमदा धुतला की त्याची चिंधी होते. राहू दे." भाऊजींनी नळाखाली हात धरला. "रविवारी नऊ वाजता धान्याच्या गोदामाची गाडी येईल. त्यांना उंदरांसाठी मांजर हवंय. मी शब्द दिलाय."

टेबलाखाली बसलेली ठिपकी, अकरा महिन्यांची, पांढऱ्या अंगावर करडे ठिपके, आपला पंजा चाटत होती. तिला ताईने, म्हणजे भाऊजींच्या बायकोने आणलं होतं, बुटाच्या खोक्यातून. तीन महिन्यांपूर्वी ताई गेली. तेराव्या दिवशी मामांनी बॅग भरली, तेव्हा सूनबाई म्हणाली होती, "मामा, मांजराचं कोण बघणार? राहा ना." मामा राहिले. त्या घरात त्यांचं दुसरं काही काम नव्हतं आणि दुसरा काही हक्कही नव्हता. मांजर गेलं की बॅग पुन्हा भरावी लागणार. आणि खरं सांगायचं तर ती भरून जायचं कुठे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"भाऊजी," त्यांनी चाचरत विचारलं, "कारण सापडलं तर?"

"कसलं कारण?"

"ती असं का करते याचं. आठ महिने ट्रेच्या बाहेर एक थेंब नाही. आणि गेल्या पाच आठवड्यांत आठ वेळा. म्हणजे काहीतरी झालंय."

भाऊजींनी हात पुसला. "रविवारी नऊच्या आत सापडलं तर सांग. पण कारण हवं, हं. सबब नको. मला सबबी ऐकू येतात."

त्यांना ऐकू येत असे हे खरंच. चाळीस वर्षं ते पियानो सुरात लावत होते. गिऱ्हाइकं त्यांना कानसेन म्हणत. शेजारच्या गल्लीत कोणाचा कुकर बिघडलाय हे ते घरात बसून सांगतात, अशी त्यांची ख्याती होती.

२

बुधवारी मामा ठिपकीला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. रहस्यकथा त्यांनी पोत्याने वाचल्या होत्या. पण त्यांतला तपास करणारा माणूस कधी मांजराच्या लघवीची बाटली खिशात घेऊन निघालेला त्यांना आठवत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, बाटली आत पाठवली आणि अर्ध्या तासाने चष्मा कपाळावर ढकलला.

"आधी इथे आलात ते बरं केलंत. बहुतेकजण आधी मारतात, मग येतात. हिच्या शरीरात काही नाही. खडे नाहीत, जंतू नाहीत."

मामांचा चेहरा पडला. आजार असता तर औषध असतं.

"मग हट्ट म्हणायचा का हा?"

"मांजर सूड बिड काही घेत नाही हो, ती आपलीच कल्पना. ते जागा टाळतं. वास आवडला नाही, वाळू बदलली, तिथे कशाला तरी भ्यालं, की टाळलं. तुमच्या घरात काय बदललं ते बघा. ट्रे कुठे असतो?"

"मागच्या खोलीत. पियानोच्या मागे, कोपऱ्यात."

"शांत असतं तिथे?"

मामा बऱ्याच दिवसांनी हसले. "बाई, आमच्या घरात शांततेचीच नोकरी आहे. आमच्या भाऊजींनी सांगितल्याशिवाय तिथे माशी उडत नाही."

बाईंनी कागदावरचा 'आवाज' हा शब्द खोडला.

३

मामांनी ट्रंकेतून जुनी कोरी नोंदकार्डं काढली आणि प्रत्येक गुन्ह्याचं एक कार्ड केलं. वर तारीख, खाली वेळ, मग जागा, शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना मोकळा राहिलेला त्यांना सोसत नसे. तळघरातली सवय. काही सुचलं नाही तर ते जे आठवेल ते लिहीत: 'त्या दिवशी दूध नासलं', 'कपडे आत वाळत घातले', 'खिडकी दिवसभर बंद'.

मग जबान्या.

सूनबाई स्वयंपाकघरात दोरीवर कपडे वाळत घालत होती. डोक्यावर ओले पायमोजे, आणि त्यांच्याखाली शेगडी.

"तुम्ही माझ्यावर संशय घ्यायला आलात ना?"

"छे छे. म्हणजे... थोडासा."

"घ्या. मांजर मला आवडत नाही हे खरंय. केस सगळीकडे. पण आईंचं म्हणून कधी हाड् म्हटलं नाही."

"फरशीला काय लावतेस?"

"फिनेल. ओल असली की घराला कुबट वास येतो ना, त्या दिवशी जरा जास्त लावते."

मामांची पेन्सिल थांबली. "मागच्या खोलीतही?"

"दारापर्यंत. आत मी फारशी जातच नाही."

"म्हणून कपडे इथे? ती खोली तर एवढी मोठी आहे."

"तिथे उभं राहिलं की माझं डोकं दुखतं," ती पायमोजा पिळत म्हणाली. "सरका मामा, पाणी पडेल कार्डांवर."

भाचा ओसरीत पियानोचा एक पाय घासत बसला होता. बापलेकांच्या धंद्यात कामाची वाटणी पक्की होती. सूर बापाचे; पाय, पट्ट्या, पॉलिश मुलाचं. सुराच्या चावीला, म्हणजे तारांच्या खुंट्या पिळायच्या हत्याराला, हात लावायची त्याला मुभा नव्हती.

"वाळू तू आणतोस ना रे?"

"हो. तीच, आई आणायची तीच. पुडकं दाखवू?" त्याने वर पाहिलंच नाही. "मामा, तुम्ही कशाला जीव टांगणीला लावताय? जाऊ दे ते मांजर. बाबांना आत्ता कोणी काही विचारू नये असं मला वाटतं. मांजरावरून नको, कशावरूनच नको."

"का?"

"का म्हणजे! आई गेलीय त्यांची... म्हणजे माझी." तो उठला. "मला जायचंय जरा."

जाताना त्याच्या काखेत टॉवेलची गुंडाळी होती. ओसरीची पायरी उतरताना टॉवेल सरकला आणि आतून सुराच्या चावीचं काळं टोक चमकलं. त्याने ते चटकन झाकलं आणि मागे वळून पाहिलं.

मामांनी कोरं कार्ड काढलं. त्यावर काय लिहावं हे त्यांना कळेना.

४

त्या संध्याकाळी त्यांनी जागेचा पंचनामा केला. मागच्या खोलीत एका शाळेचा जुना उभा पियानो सात आठवडे दुरुस्तीला येऊन पडला होता. त्याच्या मागे भिंतीशी ठिपकीचा ट्रे. ट्रेच्या वर विजेचं सॉकेट, त्यात एक छोटी काळी डबी खोचलेली. तिची वायर पियानोच्या पोटात गेलेली. सॉकेटपाशी हिरवा दिवा मिणमिणत होता.

"हे काय?" मामांनी विचारलं.

"ओल धरू नये म्हणून मागच्या महिन्यात पोटात कांडी बसवलीय," भाऊजी म्हणाले. "हवा दमट झाली की आपोआप तापते, कोरडी झाली की बंद. पंखा नाही, घरघर नाही. अशी गुणी वस्तू घरात दुसरी नाही. माणसं धरून."

शेवटचे दोन शब्द आपल्यालाच होते, असं मामांना वाटलं. ते गुडघे धरत उठले.

आठ कार्डं त्यांनी पलंगावर मांडली. सूनबाईच्या जबानीशी ताडून पाहिली. आठांपैकी आठ दिवशी जास्तीचं फिनेल. बस! ते तसेच स्वयंपाकघरात गेले आणि जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी ठणकावून म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून फिनेल बंद!"

"बंद तर बंद," ती म्हणाली. "ओरडता कशाला?"

गुरुवारी फिनेल नव्हतं. स्वच्छ ऊन पडलं होतं. ठिपकी शहाण्यासारखी ट्रेमध्ये गेली, उकरलं, झाकलं, बाहेर आली. मामांनी तिच्यासाठी दुधावरची साय काढली. जेवताना ते भाऊजींकडे पाहून दोनदा हसलेसुद्धा.

शुक्रवारी सकाळपासून आभाळ भरून आलं. दुपारी मामा खोलीत आले, तर त्यांच्या उशीवर मधोमध एक पिवळसर डाग होता, अजून कोमट. ठिपकी खिडकीच्या कट्ट्यावर अंग चोरून बसली होती. त्यांची नजर चुकवत होती.

नववा गुन्हा. आणि फिनेलचा थेंबही नाही.

मामा त्या उशीशेजारी बसून राहिले. त्यांनी मांजराला हात लावला नाही, स्वतःला शिवी दिली नाही. आपण आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांची पाठीवरची नावं उतरवली, आपल्याला आत काय आहे ते कधीच कळलं नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी पलंगाखालची बॅग ओढली आणि तिच्यावरची धूळ पुसली.

५

बॅगेत घालायची म्हणून कार्डं गोळा करताना त्यांनी शेरे वाचले. 'कपडे आत वाळत घातले.' पुढच्या कार्डावर, 'खिडकी बंद, सर्द हवा.' त्याच्या पुढच्यावर पुन्हा कपडे. आजही कपडे आतच होते. गुरुवारी ते बाहेर होते.

फिनेल गुन्हेगार नव्हतं. ते नुसतं गुन्हेगाराच्या बरोबर फिरत होतं. दोघंही यायची ती ओल असली की.

आणि ओल असली की या घरात आणखी काय जागं होतं?

शनिवारी हवा दमटच होती. भाऊजी कामावर गेल्यावर मामा मागच्या खोलीत स्टुलावर बसले. हिरवा दिवा लागलेला. ठिपकी दारात आली. तिने एक पाऊल आत टाकलं, कान मागे चपटे केले, आणि वळून गेली. मामांनी काळी डबी सॉकेटमधून उपसली. दिवा गेला. पाऊण तास ते पुतळ्यासारखे बसले. ठिपकी पुन्हा आली. थांबली. आत आली, ट्रेमध्ये चढली, आणि वाळू उकरल्याचा खरखर आवाज आला. या घरात याहून गोड आवाज आपण ऐकला नाही, असं मामांना वाटलं.

ती बाहेर पडून अंग चाटत बसली तेव्हा त्यांनी डबी परत खोचली. बंदुकीची गोळी सुटावी तशी ठिपकी खोलीबाहेर गेली.

मामांना काहीही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी सूनबाईला हाक मारली.

"डोळे मिटून उभी राहा. तुझं डोकं इथे का दुखतं ते सांग."

"आत्ता दुखतंय. ते वाजतंय ना." तिने डोळे उघडले. "सुई टोचल्यासारखं. ईईई. तुम्हाला नाही येत?"

मामांनी डबी काढली.

"गेलं," ती म्हणाली.

"पाच आठवडे तुला हे ऐकू येतंय? बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. पहिल्याच दिवशी बाबांना विचारलं, इथे काही वाजतंय का? ते थोडा वेळ कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, काही नाही, तुझ्या डोक्यात वाजतंय. मग मला वाटलं, असेल. या घरात आवाजाबद्दल बाबांपुढे मी काय बोलणार, मामा?"

मामा स्टुलावर बसले. तसं बारीक वाजणं म्हातारपणी कोणालाच ऐकू येत नाही. त्यांनाही आलं नव्हतं. त्यात लाज कसली? पण भाच्याच्या काखेतला टॉवेल त्यांच्या डोळ्यांपुढे आला, आणि त्यात काय गुंडाळलं होतं ते.

"तुझा नवरा संध्याकाळी कुठे जातो गं?"

सूनबाईने दाराकडे पाहिलं. मग खाली बसली आणि पदराने तोंड दाबून रडू लागली.

६

रविवारी आठ वाजता सगळे टेबलाशी होते. ठिपकीची टोपली दाराशी ठेवलेली. मामांनी रात्रभर विचार करून एक सबब तयार केली होती.

"वाळूचा दोष आहे, भाऊजी. दमट हवेत ती घट्ट होते. मी दुसरी आणतो, आणि ट्रे माझ्या खोलीत ठेवतो. मग काही होणार नाही."

"ताई असतानाही हीच वाळू होती," भाऊजी म्हणाले. "तेव्हाही हवा दमट व्हायचीच. ही सबब आहे. कारण सांग."

"तेच आहे कारण."

"तुझा आवाज पाव सूर वर गेलाय. कारण सांग, नाहीतर टोपलीचं झाकण लाव."

मामांनी टोपलीकडे पाहिलं. आतून ठिपकीचा पंजा वेताच्या फटीतून बाहेर आला होता आणि हवेत काहीतरी चाचपत होता. ते बोलले. ओल, कांडी, काळी डबी, गुरुवार, शुक्रवार, कालचा प्रयोग, सगळं एकापुढे एक. शेवटी म्हणाले, "आवाज फार वरचा आहे. आपल्या वयाच्या कोणालाच येत नाही. मलाही आला नाही. त्यात काही नाही. डबी बदलली की झालं."

"बरोबर," भाऊजी सावकाश म्हणाले. "आपल्या वयाला तो येत नाही. पियानोत एवढ्या वरचा सूरच नसतो. त्याचा कामाशी काही संबंध नाही."

"तेच म्हणतोय मी."

इथे संपलं असतं. मामांनी मनात हात जोडले की संपू दे. पण भाऊजींची नजर समोर गेली, आणि समोर मुलगा आपल्या नखांकडे बघत होता, सूनबाई साखरेचा डबा उगाच पुसत होती. कोणीही सुटकेचा श्वास टाकला नव्हता.

"तुम्ही दोघं खाली का बघताय?"

मुलाने नखं मुठीत लपवली.

"मंगळवारी माझी चावी पिशवीत उलटी होती. मी ती कधी उलटी ठेवत नाही." भाऊजींनी मुलाकडे पाहिलं. "किती?"

"बाबा, ते..."

"किती पियानो तू मागाहून जाऊन लावलेस?"

"सहा," मुलगा म्हणाला. "फक्त वरचं सप्तक, बाबा. बाकी सगळं तुमचं एकदम सुरात होतं. लोकांनी तुम्हाला फोन करू नये म्हणून मी त्यांना..."

"लोकांना कळलं होतं."

"हो."

"हिला कळलं होतं. मांजराला कळलं होतं." ते मामांकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर मामांना सोसला असता. "आणि तू कार्डावर लिहिलंस."

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. भाऊजी उठले, फाटकापर्यंत गेले, दोन वाक्यं बोलले, आणि गाडी निघून गेली. परत येताना त्यांनी टोपलीची कडी काढली. ठिपकी बाहेर आली आणि कोणाकडेही न बघता जिन्याखाली जाऊन बसली.

७

दुपारी मामा बॅग घेऊन निघायच्या विचारात मागच्या खोलीवरून चालले होते. मांजर राहिलं होतं, त्यांना कोणी जा म्हटलं नव्हतं. पण ज्याच्या घरात आपण हे केलं त्याच्या ताटाशेजारी उद्या बसायचं कसं? आतून आवाज आला म्हणून ते थांबले.

भाऊजी शाळेच्या पियानोपुढे बसले होते. वरचं झाकण उघडं. उजव्या टोकाची अगदी शेवटची पट्टी ते एका बोटाने दाबत होते, थांबत होते, पुन्हा दाबत होते.

"ये," ते मागे न बघता म्हणाले. "हे तुला ऐकू येतं?"

"येतं."

"काय ऐकू येतं?"

मामांनी ऐकलं. "बारीक. काचेच्या पेल्यावर नख मारल्यासारखं."

"मला नुसतं लाकूड ऐकू येतं." त्यांनी पुन्हा पट्टी दाबली. "खट्. संपलं. हातोडी तारेला लागते एवढं कळतं. तार काय म्हणते ते नाही."

"कधीपासून?"

"झाली चार वर्षं. तुझी ताई माझ्याबरोबर यायची ना कामावर. सगळ्यांना वाटायचं, घरी करमत नाही म्हणून येते. बाजूला बसायची विणत. वरच्या सप्तकाला आलो की मी चावी फिरवायचो आणि तिच्याकडे बघायचो. लागलं की ती मान हलवायची. एवढीशी. चार वर्षं आम्ही यावर एक अक्षर बोललो नाही. मी तिला सांगितलं नव्हतं. तिने मला विचारलं नव्हतं."

मामांच्या हातातली बॅग खाली टेकली.

भाऊजींनी चावी उचलली, शेवटच्या खुंटीवर बसवली आणि केसभर फिरवली. मग पट्टी दाबली आणि मान वळवून मामांकडे पाहिलं.

"आता?"

मामांनी जीव कानात आणला. पण जन्मात कधी त्यांना एका सुरातून दुसरा वेगळा काढता आला नव्हता. त्यांना तो मघाचाच सूर वाटला. भाऊजींनी पुन्हा दाबली. पुन्हा पाहिलं.

"मला कळत नाही हो, भाऊजी," मामा म्हणाले.

भाऊजींनी मान हलवली, चावी तशीच खुंटीवर धरून ठेवली, आणि पट्टी आणखी एकदा दाबली.